'मीडिया ऑफलाइन': हरवलेले फुटेज प्रोजेक्टला पुन्हा कसे जोडावे

एडिटिंगचा प्रोजेक्ट उघडला आणि टाइमलाइनवर चित्राऐवजी 'मीडिया ऑफलाइन' असे लिहिलेला लाल पडदा दिसला, तर फुटेज नष्ट झाले असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा ते कोणत्या ना कोणत्या डिस्कवर सुखरूप असते. सॉफ्टवेअरला त्याचा ठावठिकाणा लागत नसतो, एवढेच. खरा धोका पुढच्या पायरीवर असतो. घाईने केलेल्या जोडणीत चुकीची फाइल जोडली गेली, तर सॉफ्टवेअर तक्रार करीत नाही, लाल पडदाही जातो, आणि हळदीच्या जागी साखरपुड्याचे दृश्य लागले आहे हे कधी कधी थेट ग्राहकाच्या घरच्या टीव्हीवर उघडकीस येते. म्हणून आधी निदान, मग जोडणी आणि शेवटी पडताळणी हा क्रम मोडू नये. पुढील विवेचनासाठी दोन कॅमेऱ्यांवर तीन दिवस चित्रित झालेल्या लग्नाचा प्रोजेक्ट डोळ्यांसमोर ठेवला आहे. सॉफ्टवेअर मुख्यतः अडोबी प्रीमियर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह धरले आहे. मात्र तत्त्व सगळीकडे सारखेच आहे.

लिंक तुटते म्हणजे काय होते

प्रोजेक्ट फाइलीत व्हिडिओ नसतो. त्यात असतो प्रत्येक क्लिपचा डिस्कवरचा पूर्ण मार्ग, तिची लांबी, फ्रेम रेट, सुरुवातीचा टाइमकोड (फुटेजवर फ्रेमगणिक नोंदलेली वेळ), आवाजाच्या चॅनेलांची संख्या आणि तुम्ही केलेल्या कापाकापीची नोंद. म्हणूनच शेकडो जीबी फुटेजचा प्रोजेक्टही काही एमबींत मावतो, आणि म्हणूनच नुसती प्रोजेक्ट फाइल पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेणाऱ्याच्या हाती फक्त लाल पडदा लागतो. रिझॉल्व्हमध्ये तर प्रोजेक्ट सुट्या फाइलीच्या रूपातही नसतो. तो सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रोजेक्ट लायब्ररीत साठवलेला असतो आणि बाहेर न्यायचा झाल्यास मुद्दाम एक्स्पोर्ट करावा लागतो.

या मार्गातील एक अक्षर जरी बदलले, तरी लिंक तुटते. फोल्डरचे नाव 'लग्न' होते ते नंतर नीटनेटकेपणाच्या हौसेने 'लग्न फायनल' केले, एवढे कारणही पुरते.

कशालाही हात लावण्याआधी

प्रोजेक्ट फाइलीची एक प्रत वेगळ्या नावाने करून ठेवावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. प्रीमियर प्रो प्रोजेक्टच्या शेजारी 'ऑटो सेव्ह' फोल्डरमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवतो. तोही एकदा पाहून घ्यावा.

ऑफलाइन झालेल्या क्लिपा बिनमधून (प्रोजेक्टमधील क्लिपांच्या फोल्डरमधून) डिलीट करू नयेत. प्रीमियरमध्ये असे केल्यास टाइमलाइनवरचे त्यांचे सर्व तुकडेही निघून जातात आणि सगळी कापाकापी पुन्हा करावी लागते. तिथे तेच फुटेज नव्याने इम्पोर्ट करण्याचाही उपयोग नाही, कारण नव्याने आलेली क्लिप बिनमध्ये जुन्या क्लिपशेजारी वेगळी बसते. टाइमलाइनवरचे तुकडे तिच्याशी आपोआप जोडले जात नाहीत. काय करावे ते सुचत नसेल, तर प्रीमियरच्या सूचनेत 'ऑफलाइन ऑल' निवडून प्रोजेक्ट उघडावा. त्यात नुकसान काहीच नाही. जोडणी नंतर केव्हाही करता येते.

प्रीमियरमध्ये 'मीडिया पेंडिंग' अशी सूचना दिसत असेल, तर थोडे थांबावे. ती फाइल हरवली असे सांगत नाही. फाइल वाचणे सुरू आहे, असे सांगते.

निदान: जुना मार्ग वाचा

प्रीमियरच्या 'लिंक मीडिया' खिडकीत प्रत्येक हरवलेल्या क्लिपपुढे तिचा शेवटचा माहीत असलेला मार्ग दिलेला असतो. निदानाची निम्मी उत्तरे या एका ओळीत मिळतात, तरीही बहुतेक जण ती न वाचताच 'लोकेट' दाबतात. ही ओळ वाचून तीन प्रश्न विचारावेत: ज्या डिस्कचा उल्लेख आहे ती जोडलेली आहे का, त्या डिस्कवर त्या मार्गाने चालत गेल्यास कोणत्या फोल्डरपाशी वाट संपते, आणि हरवलेल्या सगळ्या क्लिपांच्या मार्गात समान भाग कोणता आहे.

सर्वच क्लिपा हरवल्या असतील आणि सगळ्यांचा मार्ग 'ई' ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर फाइली जागेवरच असण्याची शक्यता मोठी आहे. विंडोज बाहेरच्या डिस्कला उपलब्ध असलेले अक्षर देते. आधी दुसरा पेन ड्राइव्ह लावला गेला की कालची 'ई' आज 'एफ' होते. अशा वेळी एकही क्लिप रीलिंक करू नये. प्रोजेक्ट बंद करून विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जावे, त्या डिस्कवर उजवे क्लिक करून अक्षर बदलण्याचा पर्याय निवडावा आणि तिला जुने अक्षर परत द्यावे. प्रोजेक्ट पुन्हा उघडला की सगळे फुटेज जसेच्या तसे दिसते. स्टुडिओच्या प्रत्येक डिस्कला 'आर', 'एस', 'टी' असे वर्णमालेच्या शेवटाकडचे अक्षर एकदाच नेमून दिले, तर विंडोज ते सहसा दुसऱ्या कोणाला देत नाही.

मॅकवर अक्षरे नसतात, डिस्कचे नाव असते. तेथे वेगळा घोटाळा होतो: एकाच नावाच्या दोन डिस्क जोडल्या गेल्या, तर दुसरीच्या मार्गात नावापुढे '१' हा आकडा लागतो आणि प्रोजेक्टला ती परकी वाटते. दोन्ही डिस्क इजेक्ट करून हवी असलेली डिस्क आधी जोडली की काम होते. एकाच कंपनीच्या नव्या विकत आणलेल्या डिस्कांवर बहुधा एकच नाव असते, म्हणून पहिल्याच दिवशी नाव बदलून घेणे शहाणपणाचे. डिस्क जोडलेली असूनही फक्त एडिटिंग सॉफ्टवेअरलाच फाइली दिसत नसतील, तर मॅकच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरला फाइली व फोल्डर पाहण्याची परवानगी आहे ना, हे तपासावे.

मार्ग डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्सचा असेल, तर संशय वनड्राइव्हवर घ्यावा. वनड्राइव्हचा बॅकअप सुरू झाला की हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरखाली सरकतात आणि मार्गात एक नवा टप्पा येतो. शिवाय क्लाउडवर ठेवलेल्या फाइलीचे नाव आणि चिन्ह संगणकावर दिसत असले, तरी प्रत्यक्ष डेटा उतरवलेला असेलच असे नाही. त्या फोल्डरवर उजवे क्लिक करून तो कायम संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि डाउनलोड पूर्ण होईपर्यंत थांबावे.

मोजक्याच क्लिपा हरवल्या असतील, तर त्यांचा मार्ग बहुधा डाउनलोड फोल्डरकडे जातो. वरातीसाठी उतरवलेले गाणे, पत्रिकेचा फोटो, ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली चित्रफीत या गोष्टी थेट तिथूनच टाइमलाइनवर ओढलेल्या असतात आणि पुढे कधीतरी डाउनलोड फोल्डर साफ होतो. ग्राहकाकडून ती चित्रफीत पुन्हा मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ व्हॉट्सॲप दाबून लहान करते आणि त्याचे नावही वेगळे येते.

प्रीमियर प्रोमध्ये जोडणी

फाइल खरोखरच दुसऱ्या जागी गेली असल्याची खात्री झाल्यावर प्रोजेक्ट पॅनेलमध्ये हरवलेल्या क्लिपा निवडाव्यात, उजवे क्लिक करून 'लिंक मीडिया' उघडावे आणि 'लोकेट' दाबावे. उघडणाऱ्या खिडकीत हव्या त्या फोल्डरपर्यंत जाऊन फाइल निवडली, की 'रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली' या खुणेमुळे त्याच फोल्डररचनेतील बाकीच्या क्लिपाही एका झटक्यात जोडल्या जातात. फोल्डर नेमका माहीत नसेल तर 'सर्च' वापरावे. मात्र शोध संपूर्ण डिस्कवर न लावता प्रोजेक्टच्या फोल्डरपुरताच लावावा. तेवढ्यानेही फाइल मिळाली नाही, तर विंडोजवर 'एव्हरीथिंग' हे मोफत साधन फाइलनावाचा शोध क्षणात घेते.

याच खिडकीत फाइल कशावरून ओळखावी हे ठरवणाऱ्या खुणा असतात: फाइलचे नाव, एक्स्टेन्शन, सुरुवातीचा टाइमकोड इत्यादी. मुळात फक्त पहिल्या दोनच निवडलेल्या असतात असे गृहीत धरावे आणि 'मीडिया स्टार्ट' ही सुरुवातीच्या टाइमकोडची खूण स्वतः निवडावी. कॅमेऱ्यावरून आलेल्या फुटेजसाठी ही एक खूण पुढचा सगळा मनस्ताप वाचवू शकते. तो मनस्ताप कोणता, हे पुढे येतेच.

रिझॉल्व्हमध्ये जोडणी

रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये ऑफलाइन क्लिपा असतील, तर वरच्या पट्टीत तुटलेल्या साखळीचे चिन्ह दिसते. त्यावर क्लिक केल्यास हरवलेल्या फोल्डरांची यादी मिळते आणि 'लोकेट' किंवा 'डिस्क सर्च' यांपैकी एक पर्याय घेता येतो. दुसरा मार्ग म्हणजे क्लिपा निवडून 'रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स'. येथे फाइल निवडायची नसते, तर फोल्डर दाखवायचा असतो. सगळे फुटेज जसेच्या तसे एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवले असेल आणि आतील रचना बदललेली नसेल, तर 'चेंज सोर्स फोल्डर' हा पर्याय सर्वांत स्वच्छ, कारण त्यात नावावरून अंदाज बांधण्याचा भाग उरत नाही.

फायनल कट प्रोमध्ये 'फाइल' मेन्यूतील 'रीलिंक फाइल्स' हेच काम करते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअरे याबाबतीत एक पाऊल पुढे आहेत: ती क्लिपची आंतरिक खूण, म्हणजे हॅश, प्रोजेक्टमध्ये जपतात, त्यामुळे फाइलचे नाव बदलले असले तरीही ती ओळखू शकतात. महागड्या सॉफ्टवेअरांनी हे का उचलले नाही, याचे आश्चर्य वाटते.

एकाच नावाच्या अनेक फाइली

आता मुख्य संकट. सोनीचे अनेक कॅमेरे क्लिपांना 'सी०००१', 'सी०००२' अशी नावे देतात, तर कॅननचे 'एमव्हीआय' या अक्षरांपुढे क्रमांक घालतात. फाइल क्रमांकाचे सेटिंग 'रिसेट'वर असेल, तर कार्ड फॉरमॅट झाले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. साखरपुडा, हळद आणि लग्न अशा तीन दिवसांत दोन कॅमेऱ्यांची कार्डे रोज रिकामी केली, तर प्रोजेक्टमध्ये 'सी०००१' नावाच्या सहा वेगवेगळ्या फाइली जमतात. जोपर्यंत मार्ग शाबूत असतो, तोपर्यंत त्यांच्यात गोंधळ होत नाही; मार्ग तुटला आणि सॉफ्टवेअर फक्त नावावरून शोधू लागले, की पहिली सापडलेली फाइल तेच आपले माणूस म्हणून स्वीकारली जाते.

म्हणून अशा प्रोजेक्टमध्ये सगळ्या क्लिपा एकदम कधीही जोडू नयेत. एका दिवसाच्या एका कॅमेऱ्याच्या क्लिपा निवडाव्यात, त्यांच्या जुन्या मार्गातील शेवटचा फोल्डर वाचावा आणि नेमका तोच फोल्डर दाखवून जोडणी करावी. मग पुढचा गट घ्यावा. वेळ थोडा अधिक लागतो, पण रात्र वाचते.

जोडणी झाल्यावर पडताळणी करावी. टाइमलाइनवर क्लिपची लांबी जोडलेल्या फाइलीपेक्षा जास्त असेल, तर शेवटी चित्र नसलेला भाग दिसतो. ही चुकीच्या जोडणीची सर्वांत ठळक खूण आहे. चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज जुळेनासा झाला, एकाच प्रसंगात अचानक कपडे बदलले, मंगलाष्टकांच्या ऐन गर्दीत रिकाम्या मांडवाचे दृश्य आले, या दुसऱ्या खुणा. आधी पाठवलेला एखादा ड्राफ्ट जपून ठेवला असेल, तर तो सर्वांत वरच्या ट्रॅकवर ठेवून त्याची अपारदर्शकता (ओपॅसिटी) निम्मी करावी आणि टाइमलाइन वेगाने चालवावी. जिथे दोन चित्रे वेगळी दिसतील, तिथे चूक आहे.

चूक सापडल्यास प्रीमियरमध्ये ती क्लिप निवडून 'मेक ऑफलाइन' हा पर्याय घ्यावा आणि मग नव्याने जोडावी. येथे दोन पर्याय विचारले जातात: फाइल डिस्कवर राहू द्यावी, की फाइल डिस्कवरूनच काढून टाकावी. नेहमी पहिलाच निवडावा. दुसरा पर्याय मूळ फुटेज पुसतो, आणि रात्री दोन वाजता डोळे मिटत असताना त्या दोन ओळींमधील फरक फारसा मोठा दिसत नाही.

मॅक आणि विंडोज या दोन्हींवर फिरणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर आणखी एक फसवा प्रकार आढळतो. मॅक तेथे प्रत्येक फाइलीशेजारी टिंब व अधोरेषेने सुरू होणारी, बाकी तेच नाव असलेली काही केबींची छोटी फाइल तयार करतो. मॅकवर ती लपलेली असते, विंडोजवर मात्र उघड दिसते, आणि शोधात नेमकी तीच निवडली गेली तर सॉफ्टवेअर फाइल बिघडल्याचे सांगते. आकार पाहिला की ती लगेच ओळखू येते.

फाइल आहे, जागाही बरोबर आहे, तरीही ऑफलाइन

ती फाइल व्हीएलसी प्लेयरमध्ये चालवून पाहावी. तिथेही चालत नसेल, तर कॉपी अर्धवट झालेली असण्याची शक्यता आहे. कार्डावरच्या मूळ फाइलीशी आकाराची तुलना करावी. व्हीएलसीमध्ये चालते पण एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही, असे असल्यास प्रश्न कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीचा आहे. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती काही १०-बिट (अधिक रंगछटा साठवणाऱ्या) फाइली उघडू शकत नाही आणि अशा वेळीही ती 'मीडिया ऑफलाइन' असेच लिहिते. स्टुडिओतील संगणकावर सशुल्क आवृत्ती आणि घरच्या लॅपटॉपवर मोफत आवृत्ती असणाऱ्यांना याचा हमखास फटका बसतो. 'शटर एन्कोडर'सारख्या मोफत साधनाने फाइल डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस या एडिटिंगला सोयीच्या कोडेकमध्ये रूपांतरित करावी. नाव तेच ठेवावे, फ्रेम रेट बदलू नये आणि टाइमकोड कायम राहिला ना, हे पाहावे. प्रीमियरमध्ये अशी रूपांतरित फाइल जोडताना एक्स्टेन्शनची खूण काढून टाकावी लागते.

आवाजाच्या चॅनेलांची संख्या जुळत नसल्यासही प्रीमियर जोडणी नाकारतो. मूळ क्लिपमध्ये चार चॅनेल आणि रूपांतरित फाइलीत किंवा प्रॉक्सीत (एडिटिंगसाठी केलेल्या हलक्या प्रतीत) दोन, असा हा प्रकार असतो. उपाय एकच: रूपांतर पुन्हा करून चॅनेल मुळाइतकेच ठेवावेत.

विंडोजवर फोल्डरात फोल्डर घालत गेल्यास पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. नवरा-नवरीची पूर्ण नावे, तारीख, कार्यालयाचे नाव आणि कार्यक्रमाचे नाव असे सगळे एकाखाली एक आले, की ही मर्यादा वाटते तितकी दूर राहत नाही. फोल्डर डिस्कच्या मुळाशी आणून नावे आखूड केली, की फाइली पुन्हा दिसू लागतात.

फाइल खरोखरच पुसली गेली असल्यास

त्या कार्डावर किंवा डिस्कवर पुढे काहीही लिहू नये. कार्ड कॅमेऱ्यात घालून 'एकच शॉट' घेणेही टाळावे. फोटोरेक हे मोफत साधन पुसलेल्या फाइली शोधून काढते, मात्र त्यांची मूळ नावे परत मिळत नाहीत. परत मिळालेल्या फाइली वेगळ्याच डिस्कवर साठवाव्यात. एसएसडीवरून पुसलेला डेटा परत मिळण्याची शक्यता मात्र फार कमी असते, कारण ती डिस्क रिकाम्या झालेल्या जागा स्वतःच साफ करून टाकते.

नाव नसलेल्या फाइली जोडण्यासाठी प्रत्येकीची लांबी पाहून प्रोजेक्टमधील क्लिपच्या लांबीशी ताडून पाहावी आणि मगच तिला अपेक्षित नाव द्यावे. सोनीच्या कार्डावर व्हिडिओशेजारी असलेली छोटी एक्सएमएल फाइल शाबूत असेल, तर तिच्यात क्लिपची लांबी आणि चित्रणाची वेळ लिहिलेली सापडते. ही फाइल फालतू समजून पुसणाऱ्यांनी याचा विचार करावा. मूळ फाइल अजिबातच मिळाली नाही, तर प्रॉक्सी शोधाव्यात. त्यांचा दर्जा कमी असला, तरी कन्यादानाचा एकुलता एक शॉट धूसर का होईना, असणे केव्हाही बरे.

पुन्हा वेळ येऊ नये म्हणून

फुटेज कॉपी करताना कार्डावरील संपूर्ण फोल्डररचना जशीच्या तशी घ्यावी. एव्हीसीएचडी स्वरूपात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांबाबत तर हे अनिवार्य आहे. आतील एमटीएस (व्हिडिओ) फाइली सुट्या काढल्यास अनेक फाइलींत विभागलेले लांब शॉट नीट जुळत नाहीत. फाइलींची नावे बदलायची असतील, तर ती इम्पोर्ट करण्याआधी बदलावीत, 'हळद कॅमेरा १' अशा अर्थाचा उपसर्ग लावावा आणि त्यानंतर नाव किंवा फोल्डर यांना पुन्हा हात लावू नये. कॅमेऱ्यातील फाइल क्रमांकाचे सेटिंग 'सिरीज' किंवा 'कंटिन्युअस' ठेवल्यास एकाच नावाच्या फाइलींचा प्रश्न बऱ्याच अंशी मुळातच मिटतो. गाणी, फोटो आणि ग्राफिक्स यांच्यासाठी प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्येच जागा करावी आणि बाहेरची प्रत्येक वस्तू आधी तिथे कॉपी करून मगच टाइमलाइनवर आणावी.

काम संपल्यावर प्रीमियरच्या 'प्रोजेक्ट मॅनेजर'मधून फाइली गोळा करून नव्या जागी कॉपी करण्याचा पर्याय वापरावा. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी प्रोजेक्ट आर्काइव्ह आहे. गोळा केलेला हा संच तपासताना मूळ डिस्क संगणकापासून काढून ठेवावी आणि शक्यतो दुसऱ्या संगणकावर प्रोजेक्ट उघडावा, अन्यथा सॉफ्टवेअर जुन्या जागेवरूनच फाइली वाचत राहते आणि संच अपूर्ण असल्याचे कळतच नाही. मराठी शीर्षकांसाठी वापरलेले फॉन्ट प्रोजेक्ट मॅनेजर गोळा करत नाही, बाहेरून आणलेल्या लट (एलयूटी, म्हणजे तयार रंगसंस्काराच्या) फाइलींबाबतही त्याच्यावर भरवसा ठेवू नये. या दोन्हींसाठी वेगळा फोल्डर करून तो संचात हातानेच ठेवावा लागतो, आणि हे सर्व दुसऱ्या संगणकावर एकदा सुरळीत उघडेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डे फॉरमॅट करू नयेत.